आठव्या केंद्राची वाट

मुख्य कचेरीत त्याला सगळे 'वाटाड्या' म्हणायचे. हे नाव पाडलं होतं शेजारच्या टेबलावरच्या सर्व्हरवाल्याने, आणि ते त्याला मनातून आवडायचंही. कचेरीच्या हाताखाली आठ आरोग्य केंद्रं होती. प्रत्येक केंद्रात एक छोटा राउटर, आणि कचेरीच्या थंड खोलीत सगळ्यांचा मिळून एक मोठा. केंद्रातला राउटर मोठ्याला सांगायचा, 'माझ्याकडचे कॉम्प्युटर अमुक पत्त्यांवर आहेत, त्यांच्याकडे जायचं तर या वाटेने जा.' मोठा राउटर ते लक्षात ठेवायचा आणि रुग्णांच्या नोंदी, तपासण्यांचे रिपोर्ट, औषधांच्या मागण्या ज्याच्या त्याच्या वाटेला लावून द्यायचा. या वाटा सांभाळायची त्याची नोकरी. सोळा वर्षं सांभाळत होता आणि या सोळा वर्षांत आपल्या हातून एकही वाट चुकली नाही, असं तो चारचौघांत सांगायचा. कुणी विचारलं नाही तरी सांगायचा.

माणूस तसा वाईट नव्हता. पण नाकावर माशी बसू द्यायचा नाही. केंद्रांमधून फोन आला की पहिलं वाक्य ठरलेलं असे, "माझ्याकडून सगळं व्यवस्थित आहे."

एकदा काय झालं, प्रशिक्षणाच्या खोलीत कुणीतरी एक जुना राउटर नेटवर्कला जोडला. त्या शहाण्या राउटरने मोठ्या राउटरला भलत्याच वाटा सांगायला सुरुवात केली, मोठ्यानेही त्या खऱ्या मानल्या, आणि तीन केंद्रांच्या नोंदी दोन तास कुठेच पोचल्या नाहीत. कचेरीच्या मोठ्या मॅडमनी वाटाड्याला बोलावून घेतलं.

"म्हणजे कुणीही यावं, काहीही सांगावं, आणि आपल्या राउटरने मान डोलवावी?"

"तसंच आहे मॅडम. पण बंदोबस्त करता येतो. अ‍ॅक्सेस लिस्ट लावतो."

ही लिस्ट म्हणजे साधी यादी. कुणाकुणाने सांगितलेल्या वाटा खऱ्या मानायच्या, त्यांचे पत्ते त्यात लिहायचे. ज्याचा पत्ता यादीत नाही, त्याचं ऐकायचं नाही. हे शेवटचं वाक्य लिहावंही लागत नाही. यादी संपली की उरलेल्या सगळ्यांना राउटर आपणहून नाकारतो, आणि नाकारलं म्हणून कुणाला कळवतही नाही.

सर्व्हरवाला म्हणाला, "आठ केंद्रं आहेत ना? आठ ओळी लिहून टाक. एकाला एक. उद्या कुणी वाचलं तरी समजेल."

"आठ ओळी शिकाऊ लिहितात," वाटाड्या म्हणाला. "आठ पत्त्यांचा गट एका ओळीत बसतो. बघ."

केंद्रांच्या पत्त्यांत केंद्राचाच आकडा होता. पहिल्याचा एक, दुसऱ्याचा दोन, असं आठपर्यंत. त्याने एक ओळ लिहिली, आठ आकड्यांचा गट सांगणारी, आणि एका मंगळवारी सकाळी अकरा बत्तीसला ती लागू केली. मग भिंतीवरच्या पडद्याकडे बघितलं. आठही केंद्रांसमोर हिरवे दिवे होते. त्याने खुर्चीत मागे रेलून सर्व्हरवाल्याकडे पाहिलं आणि काही बोलला नाही; पण न बोलण्यातही एक तोरा असतो.

त्याच दिवशी, जेवायची सुट्टी व्हायच्या आत, आठव्या केंद्रातून फोन आला. तिथे नोंदणीच्या खिडकीवर एकोणीस वर्षं एकच बाई बसत होत्या. पन्नाशी उलटलेल्या, आवाज बारीक पण स्पष्ट. त्यांना सगळे नुसतं 'बाई' म्हणत.

"साहेब, नोंद अर्ध्यात अडकते आहे. पान नुसतं फिरत राहतं."

"माझ्याकडून सगळं व्यवस्थित आहे बाई. समोर हिरवा दिवा दिसतोय तुमचा."

"दिवा असेल साहेब. नोंद जात नाही."

"कॉम्प्युटर बंद करून चालू करा."

त्यांनी केला. दोन नोंदी गेल्या, तिसरी अडकली. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन. तिसऱ्या दिवशी दोनदा. कधी रुग्णाची नोंद दोनदा व्हायची, कधी अर्धीच, कधी रक्ताचा रिपोर्ट निघायचा आणि केंद्रात पोचायचाच नाही. वाटाड्या प्रत्येक वेळी पडद्याकडे बघायचा. दिवा हिरवा. मग तो तक्रारीच्या फॉर्मवर कारण लिहायचा: 'वापरणाऱ्याची चूक'. असे अकरा फॉर्म झाले.

नवव्या दिवशी फोन आला तेव्हा त्याचं डोकं आधीच कशाने तरी तापलेलं होतं. बाई म्हणाल्या, "साहेब, तुम्ही सांगाल तसं करते, दोन्ही हात मोकळे ठेवलेत, फोन स्पीकरवर टाकलाय."

हे त्याने ऐकलं होतं. नंतर कितीही वेळा मनाची समजूत घालायचा प्रयत्न केला, तरी ते शब्द त्याच्या कानावर पडले होते, हे काही पुसता आलं नाही.

"बाई," तो म्हणाला, "आधी मला हे सांगा, तुम्हाला माऊस धरता येतो का? का तोही कुणीतरी धरून द्यावा लागतो?"

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. पलीकडे रांगेतलं कुणीतरी खो खो हसलं. मग आणखी दोघंतिघं. इकडे सर्व्हरवाल्याने मान वर केली. फोनमध्ये थोडा वेळ नुसता खोलीतला आवाज येत राहिला, खुर्ची सरकल्याचा, कुणाच्या तरी खोकल्याचा.

"बरं साहेब," बाई म्हणाल्या, आणि फोन ठेवला.

त्यानंतर त्यांचा फोन आला नाही. वाटाड्याला वाटलं, बरी जिरली. फोन बंद झाले म्हणजे तक्रार मिटली, असं त्याने धरूनच टाकलं.

तक्रार मिटली नव्हती, ती फक्त वर गेली होती. आठव्या केंद्रातल्या डॉक्टरांनी मोठ्या मॅडमना पत्र लिहिलं: लोकांना तीन तीन खेपा पडताहेत, काहीतरी करा. मॅडमनी फाईल मागवली. फाईलमध्ये काय होतं? अकरा फॉर्म, अकराही वाटाड्याच्या सहीचे, अकराही एकच कारण सांगणारे. मॅडमनी बाईंना मेमो काढला. वारंवार सूचना देऊनही कामात हलगर्जी, सबब खिडकीवरून हलवून तळघरातल्या जुन्या कागदपत्रांच्या खोलीत नेमणूक. सोमवारपासून खिडकीवर नवा कारकून बसला.

आणि त्याच सोमवारी दुपारी वाटाड्याने ती यादी पुन्हा उघडली.

निमित्त साधं होतं. नववं केंद्र सुरू व्हायचं होतं, त्याचा पत्ता यादीत घालायचा होता. आपली एक ओळ त्याने पडद्यावर आणली. आता ही वाढवायची कशी याचा हिशेब करताना त्याने सहज पहिला आकडा बघितला. शून्य. गट शून्यापासून सुरू होत होता; राउटर आठाचा पहिला गट शून्यापासूनच धरतो. त्याने बोटांवर मोजलं, लहान मुलासारखं: शून्य, एक, दोन, तीन... सातवर आठ बोटं संपली.

त्याने पुन्हा मोजलं. मग तिसऱ्यांदा.

आठ पत्ते होते खरे त्या ओळीत. पण शून्य ते सात. शून्य नावाचं केंद्रच नव्हतं, आणि आठवं केंद्र यादीच्या बाहेर राहिलं होतं. तेरा दिवस त्या केंद्राचा राउटर आपली वाट सांगत होता आणि मोठा राउटर ती ऐकून न ऐकल्यासारखं करत होता. मग नोंदी जात कशा होत्या? प्रत्येक केंद्राला अडीनडीसाठी मोबाईल डेटाची एक बारीकशी जोडणी दिलेली होती. मुख्य वाट नाकारली गेल्यावर आठव्या केंद्राची सगळी ये-जा त्या बोळातून होत होती. रेंज असेल तर पुढे, नसेल तर तिथेच. आणि तो हिरवा दिवा? रस्ता धड आहे एवढंच तो दिवा सांगायचा. त्या रस्त्याने कुणी जातंय का, हे त्याला कुणी विचारलंच नव्हतं. दिवा कशावर लागतो हे वाटाड्याला ठाऊक होतं. तो दिवा त्यानेच बसवला होता.

 थंड खोलीत सतरा अंशांवर मशीन चालू होतं आणि त्याच्या मानेवरून घाम ओघळत होता. पहिला विचार बाईंचा आला असं सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. पहिला विचार आला तो हा, की कुणी पाहिलं का?

कुणी नव्हतं. सर्व्हरवाला चहाला गेला होता. वाटाड्याने यादीत आठव्या केंद्राची एक वेगळी ओळ घातली, खाली नवव्याची घातली. काही सेकंदांत आठवी वाट जागेवर आली. कामाच्या नोंदवहीत त्याने लिहिलं: 'नवव्या केंद्राची पूर्वतयारी. यादीत आवश्यक ओळी वाढवल्या.' यात खोटा शब्द एकही नाही, हे त्याने दोनदा वाचून बघितलं.

गुरुवारी बैठक होती. मोठ्या मॅडमनी पडद्यावर आलेख दाखवला. आठव्या केंद्राची रेघ दोन आठवडे खाली लोळत होती आणि सोमवारपासून ताठ उभी राहिली होती.

"बघा," मॅडम म्हणाल्या. "मी उदाहरण म्हणून दाखवतेय. मशीन तेच, लाईन तीच. फक्त माणूस बदलला आणि तीन दिवसांत केंद्र सुधारलं. हे आपल्या लक्षात आलं ते कुणामुळे? यांनी अकराच्या अकरा तक्रारींवर स्पष्ट शेरा मारला होता. असं स्पष्ट लिहिणारी माणसं हवीत."

दोघातिघांनी टेबल वाजवलं. वाटाड्याने समोरचा पाण्याचा ग्लास उचलला आणि पूर्ण संपवला. बोलायची हीच वेळ होती. त्याने तोंड उघडलंही. मॅडमना वाटलं आभार मानतोय. त्यांनी हसून मान हलवली आणि पुढचा विषय घेतला.

जिन्यात सर्व्हरवाल्याने त्याला गाठलं.

"यादीत आठची वेगळी ओळ दिसली मला," तो हळूच म्हणाला. "सोमवारची."

वाटाड्या पायऱ्यांकडे बघत राहिला.

"मी कुणाला सांगणार नाही. होतं असं." सर्व्हरवाल्याने त्याच्या खांद्यावर थोपटलं आणि तो पुढे निघून गेला. त्याने शिव्या दिल्या असत्या, 'सांगितलं होतं ना आठ ओळी लिही' म्हणून दात काढले असते, तर वाटाड्याला सोसलं असतं. ते थोपटणं मात्र त्याला घरी जाईपर्यंत खांद्यावर जाणवत राहिलं.

घरी म्हणजे आधी दुकानात. त्याच्या बायकोचं चष्म्यांचं छोटं दुकान होतं, आणि संध्याकाळी तो तिला दुकान आवरायला मदत करायचा. त्या दिवशी तो काचेचं कपाट पुसायला लागला आणि एकच काच दहा मिनिटं पुसत बसला.

"भोक पडेल तिला," बायको म्हणाली. ती एका चष्म्याच्या दांडीचा स्क्रू आवळत होती. "काय झालंय?"

त्याने सांगितलं. आधी निम्मंच सांगितलं, शून्य आणि सातचं. ती ऐकत होती. मग माऊसचं सांगितलं, स्पीकरचं सांगितलं, टेबल वाजवल्याचं सांगितलं. सांगताना त्याने तिच्याकडे पाहिलं नाही, हातातल्या फडक्याच्या घड्या घालत राहिला.

बायकोने स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला.

"माझ्याकडे माणूस येतो आणि म्हणतो, नीट दिसत नाही. मी त्याला म्हणते का, की तुम्हाला बघता येत नाही?"

"अगं, दिवा हिरवा होता..."

"त्या बाई काय सांगत होत्या ते ऐकलं असतंस तर दिव्याकडे बघायची गरज नव्हती." मग हातातला चष्मा बाजूला ठेवून, "चूक कुणाच्याही हातून होते रे. ती माझ्याही हातून होते, गेल्या महिन्यात डाव्याची काच उजव्याला बसवली मी. पण सोमवारी तुला कळलं होतं. आज गुरुवार आहे. हे तीन दिवस काय केलंस?"

 तिने उत्तराची वाट बघितली नाही. दुकानाचे दिवे मालवायला लागली. घरी जाताना रोज ती त्याच्या हातात हात घालून चालायची. त्या दिवशी तिच्या दोन्ही हातांत पिशव्या होत्या. एक त्याने मागितली, तिने दिली नाही.

शुक्रवारी अर्धा दिवस रजा टाकून तो बसने आठव्या केंद्रात गेला. सोळा वर्षांत तो तिथे दोनदा आला होता, दोन्ही वेळा राउटर बसवायला. तळघराच्या पायऱ्या उतरताना त्याने बोलायचं सगळं मनात जुळवून ठेवलं होतं.

खोलीला वर एक बारीकशी खिडकी होती, तिच्यातून रस्त्यावरच्या लोकांचे पाय दिसत. फडताळांत छतापर्यंत फायली. बाई स्टुलावर बसून एका गठ्ठ्याला सुतळी बांधत होत्या. त्याने त्यांना पहिल्यांदाच समोरून बघितलं. फोनवरच्या आवाजावरून त्याने मनाशी एक किरकिरी, वेंधळी बाई उभी केली होती. समोर होती ती नीटनेटकी, बारीक चणीची, कानामागे पेन्सिल खोचलेली बाई, आणि तिने बांधलेला प्रत्येक गठ्ठा एका मापाचा होता.

"मी कचेरीतून आलोय," तो म्हणाला. "नेटवर्कचा. फोनवर... तो मी."

"आवाज ओळखला," बाई म्हणाल्या. "बसा. खुर्ची नाही, तो खोका चालेल."

तो खोक्यावर बसला. जुळवून आणलेलं सगळं विसरला.

"बाई, चूक माझी होती. मी एक यादी लावली होती, तिच्यात तुमचं केंद्र राहून गेलं. पहिल्या दिवसापासून. तुमचं काहीच चुकलं नव्हतं."

बाईंचे हात थांबले. त्यांनी टेबलाच्या खणातून एक वही काढली आणि त्याच्यासमोर धरली. तारीख, वेळ, कुणाची नोंद, कुठे अडकली, कितव्या प्रयत्नाला गेली. सगळं पेन्सिलने, सुवाच्य. पहिली ओळ त्या मंगळवारची. वेळ: अकरा चाळीस.

"हे कधी सुरू झालं ते मी पत्रात लिहिलं होतं," बाई म्हणाल्या. "तुमच्या कचेरीला. मेमोच्या उत्तरात. त्या मंगळवारच्या आदल्या दिवशीपर्यंत एकही नोंद अडकली नव्हती, म्हणून लिहिलं होतं. कुणी वाचलं नाही वाटतं."

अकरा बत्तीस आणि अकरा चाळीस. एवढी वही कुणी आठ दिवस आधी उघडली असती, तर पाच मिनिटांत उलगडा झाला असता. तो मान खाली घालून पानं उलटत राहिला. नवव्या दिवसाच्या पानावर एक ओळ होती: 'फोन केला. उपयोग नाही.' तेवढीच. तो काय बोलला, लोक कसे हसले, यातलं काही बाईंनी लिहिलं नव्हतं.

"मला माफ करा बाई. मी फार वाईट बोललो."

 खिडकीतून कुणाचे तरी घाईघाईचे पाय गेले.

"तुम्ही बोललात तेव्हा रांगेत चौदा माणसं होती," त्या म्हणाल्या. "त्यातली निम्मी मला ओळखतात. त्यांच्या लेकरांच्या जन्माच्या नोंदी मी केल्यात. आणि माफी मागायला तुम्ही तळघरात आलात."

तो उठला. कशाला उठला हे त्यालाही नीट कळलं नव्हतं, पण खोक्यावर बसून राहणं शक्य नव्हतं. "चला," तो म्हणाला, "वर चला."

"मी येत नाही कुठे. तुम्हाला जायचं तर जा."

तो वर गेला. खिडकीसमोर वीसेक माणसं होती. तो रांगेच्या बाजूला उभा राहिला आणि घसा साफ करून मोठ्याने म्हणाला, "दोन मिनिटं ऐका. मी मुख्य कचेरीतून आलोय."

"डॉक्टर आले का?" अंगठ्याला पट्टी बांधलेल्या एकाने विचारलं.

"ते मला माहीत नाही. मी नेटवर्कचा माणूस. गेले दोन आठवडे इथे नोंदी अडकत होत्या, ती बाईंची चूक नव्हती. माझी होती. मी फोनवर त्यांना नको ते बोललो, तेही चूक होतं."

सिनेमात दाखवतात तसं कुणी उठून टाळ्या वाजवल्या नाहीत. लोक त्याच्याकडे बघत राहिले, कुणीतरी वेळ काढायला आलेला माणूस बघावा तसे. नवा कारकून मान खाली घालून कीबोर्डवरची धूळ झटकू लागला. मागून एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "ते झालं, पण माझा रिपोर्ट कुठाय?" आणि एक बाई, कडेवर मूल घेतलेली, एकदम चिडून म्हणाली, "तीन खेपा घातल्या मी रक्त द्यायला! तिन्ही वेळा त्या बाईंना वाट्टेल ते बोलले. तुमच्यामुळे?"

"हो."

"मग मी काय करू आता?"

 आवाज ऐकून डॉक्टर बाहेर आले. "आपण कोण?" त्यांनी विचारलं, आणि स्वतःचा हुद्दा सांगताना वाटाड्याचा आवाज असा काही फाटला, की ऐकणाऱ्यांनीच नजर वळवली. त्याने जिन्याकडे पाहिलं. बाई वरच्या पायरीवर उभ्या होत्या, हातात सुतळीचं रीळ. किती ऐकलं, कुणास ठाऊक. त्यांनी त्या मूल घेतलेल्या बाईकडे बघून एवढंच म्हटलं, "तुमचा रिपोर्ट मंगळवारी आलाय, प्रत खाली माझ्याकडे आली. दुसऱ्या कप्प्यात बघायला सांगा," आणि पुन्हा खाली गेल्या.

दुपारी तो मोठ्या मॅडमसमोर उभा राहिला. सोबत वहीच्या पानांचे फोटो होते. बाईंनी वही दिली नव्हती, फोटो काढू दिले होते. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढला, डोळे चोळले.

"चूक दुरुस्त केलीत ना?"

"हो. सोमवारी."

"मग झालं. त्यांना हळूहळू वर आणू. दोनेक महिन्यांत. तुम्ही मला तोंडी सांगितलंत, मी ऐकलं. लेखी दिलंत तर मला कारवाई करावी लागेल."

"मेमो लेखी होता, मॅडम."

मॅडमनी चष्मा पुन्हा चढवला. त्या मेमोवर आपली सही आहे, आणि बाईंचं उत्तर आपणही वाचलेलं नाही, हे त्यांच्याही ध्यानात आलं असावं. "गुरुवारी बैठकीत होतात ना तुम्ही?" त्या शेवटी म्हणाल्या.

"होतो."

"काहीच बोलला नाहीत."

"नाही."

"द्या लेखी," मॅडम म्हणाल्या, आणि कागद त्याच्याकडे सरकवला.

तो कागद लिहायला त्याला पूर्ण दुपार लागली. पहिल्या मसुद्यात 'यादीत त्रुटी राहिली' असं होतं. त्रुटी आपली आपण राहते का? ते खोडून त्याने 'माझ्याकडून चुकलं' लिहिलं. 'सोमवारी लक्षात आल्यावरही मी कळवलं नाही' हे वाक्य तीन वेळा लिहिलं आणि दोन वेळा खोडलं.

त्याला ताकीद मिळाली. सहा महिने सर्व्हरवाल्याच्या सहीशिवाय राउटरला हात लावायचा नाही, असा आदेश निघाला. सर्व्हरवाल्याने ती यादी नव्याने लिहवून घेतली, नऊ केंद्रांच्या नऊ ओळी, आणि तो सांगत असताना वाटाड्या एकेक ओळ टाईप करत होता. त्या काळात कचेरीत कुणीही त्याला 'वाटाड्या' म्हटलं नाही. चिडवायचं म्हणूनही म्हटलं नाही. बायकोशी बोलणं सुरू झालं. एका संध्याकाळी तिने न मागता पिशवी त्याच्या हातात दिली.

बाईंचा मेमो मागे घेतला गेला, दोन ओळींच्या पत्राने. त्यात कारण होतं 'तांत्रिक बाब'. तेवीस दिवसांनी त्या पुन्हा खिडकीवर बसल्या. त्यांनी त्याला माफ केलं, असं काही त्या कधी म्हणाल्या नाहीत, आणि त्यानेही पुन्हा विचारलं नाही.

पुढे दोनेक महिन्यांनी आठव्या केंद्राचा नंबर त्याच्या फोनवर दिसला. त्याने पहिल्या घंटीलाच उचलला.

"साहेब, नोंदणीतून बोलतेय," तोच बारीक, स्पष्ट आवाज. "माझंच काहीतरी चुकत असेल, पण प्रिंटर कागद घेत नाहीये."

"तुमचं कशाला चुकेल बाई? सांगा, काय दिसतंय?"

त्यांनी सांगितलं. नेमकं, क्रमाने, जसं त्या नेहमीच सांगायच्या. प्रिंटरचं काम त्याचं नव्हतंच, पण तो बसने गेला आणि अडकलेला कागद काढून आला. बाईंनी कामाच्या फॉर्मवर सही केली, सही करायच्या आधी प्रत्येक ओळ वाचली.

पंधरा दिवसांनी पुन्हा फोन आला. "माझंच काहीतरी चुकत असेल साहेब..."

"बाई, तसं म्हणू नका हो."

"बरं," त्या म्हणाल्या.

त्यानंतरच्या फोनवरही त्यांनी सुरुवात तशीच केली. त्याच्याही नंतरच्या. एकोणीस वर्षं ही बाई फोन उचलून थेट मुद्द्याचं बोलायची, हे तो जाणून होता. त्याच्याकडे जुने फॉर्म होते, त्यात तिचे शब्द जसेच्या तसे उतरवलेले होते. आता ते वाक्य तिच्या जिभेवर बसलं होतं आणि ते तिथे कुणी बसवलं, हे दोघांनाही ठाऊक होतं. तो दर वेळी थांबायचा, ते वाक्य पूर्ण होऊ द्यायचा, आणि मग म्हणायचा, "सांगा बाई. ऐकतोय."